याकुशिमा: एका सुगीसाठी २२ किलोमीटर

जपानच्या याकुशिमा बेटावर जोमोन सुगी नावाच्या अतिप्राचीन झाडाकडे नेणाऱ्या अराकावाच्या वाटेवर पाऊल टाकण्याआधी दोन वेळा पाठ करून ठेवायच्या: सकाळी १० आणि दुपारी १. जुन्या रेल्वेच्या रुळांची वाट संपून खरा चढ सुरू होतो ते ठिकाण म्हणजे ओकाबू. तिथे १० वाजेपर्यंत पोचला नाहीत तर तिथूनच मागे वळायचं. जोमोन सुगीसमोरून १ वाजता पाय काढायचा, मग धुकं आत्ता हटेल, मग हटेल असं कितीही वाटलं तरी. या वेळा पाळायला लावणारा कुणी माणूस तिथे उभा नसतो. पण वाटेवर दिवा नाही, फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, आणि संध्याकाळची शेवटची बस मागे राहिलेल्यासाठी थांबत नाही. या वाटेवरचे बहुतेक घोळ दमण्यातून होत नाहीत, उशिरा निघण्यातून होतात.

याकुशिमा हे जपानच्या क्यूशू या मोठ्या बेटाच्या दक्षिण टोकापासून सुमारे ६० किलोमीटर समुद्रात असलेलं, कागोशिमा प्रांतातलं गोलसर बेट. क्षेत्रफळ जेमतेम ५०५ चौरस किलोमीटर, पण मधोमध १,९३६ मीटरचं मियानोउरा-दाके उभं आहे आणि क्यूशू प्रदेशात त्याहून उंच शिखर नाही. किनाऱ्यावर वडाच्या जातीची झाडं आणि डोंगरमाथ्यावर हिवाळ्यात बर्फ, हे सगळं एका बेटावर. डिसेंबर १९९३ मध्ये जपानची पहिली चार ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यातलं हे एक. वारसा म्हणून १०,७४७ हेक्टर नोंदलेले आहेत, म्हणजे बेटाचा साधारण पाचवा हिस्सा. त्याआधीही संरक्षण होतंच: इथल्या सुगीच्या रानाला १९५४ मध्ये विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९६४ मध्ये बेट राष्ट्रीय उद्यानात आलं. चालणाऱ्यासाठी या सगळ्याचा अर्थ सोपा आहे. शेवाळ उपटायचं नाही, मुळांवर पाय द्यायचा नाही, फळ्यांची वाट सोडायची नाही, आणि सोबत नेलेलं सगळं (सगळं म्हणजे काय ते पुढे येईल) परत आणायचं.

सुगीला जपानी देवदार म्हणतात, पण खऱ्या देवदाराशी त्याचं नातं नाही, ते सायप्रसच्या कुळातलं झाड. बेटावर हजार वर्षांपुढच्या सुगीलाच ‘याकुसुगी’ म्हणतात. त्याहून लहान असेल तर ‘कोसुगी’, म्हणजे पोर. आठशे वर्षांचं पोर! इथला खडक ग्रॅनाइटचा, वर मातीचा थर पातळ, त्यामुळे झाड फार सावकाश वाढतं, खोडातली वर्षागणिक पडणारी कडी दाट बसतात आणि लाकडात राळ भरपूर राहते. राळेमुळे ते सहजी कुजत नाही. एवढं वय गाठण्याचं हेच कारण.

आता व्यवस्थेकडे. १ मार्च ते ३० नोव्हेंबर या काळात अराकावाच्या सुरुवातीपर्यंत खाजगी गाडी नेता येत नाही. आन्बो गावाच्या वरच्या बाजूला याकुसुगी संग्रहालय आहे, तिथे गाडी लावायची आणि डोंगरी बस धरायची. बस पाऊण तासाच्या आत वर पोचवते. पहिली बस पहाटे ५ च्या सुमाराला असते आणि घ्यायची ती हीच किंवा फार तर तिच्या मागची. तिकीट आदल्या दिवशीच घेऊन ठेवावं. विमानतळावर, मियानोउरा बंदरावर आणि आन्बोत पर्यटन माहिती केंद्रं आहेत, तिथे मिळतं. तिकिटासोबतच डोंगर संवर्धनाची सहकार्य रक्कम देण्याची सोय असते: दिवसात परत येणाऱ्याला १,००० येन, डोंगरात मुक्काम करणाऱ्याला २,०००. नावात ‘सहकार्य’ असल्यामुळे ती टाळता येते असा सल्ला काही जण देतात. टाळू नये. पैसे कुठे जातात ते शौचालयांबद्दल वाचलं की कळेल.

या व्यवस्थेतली पहिली खोट इथेच आहे. डोंगरी बस संग्रहालयापासून निघते, पण संग्रहालयापर्यंत पहाटे कसं पोचायचं हा प्रश्न तुमच्यावर सोडलेला आहे. भाड्याची गाडी नसेल तर आन्बोत मुक्काम करणं शहाणपणाचं, कारण मियानोउराहून पहाटेचं गणित जमवताना एक तास हकनाक जातो. दुसरी खोट म्हणजे वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं आणि इंग्रजी माहिती जपानी माहितीच्या एक पाऊल मागे असते. तिकीट घेताना परतीच्या शेवटच्या बसची वेळ खिडकीवर विचारून कागदावर लिहून घ्या. अराकावाला सकाळी पोचल्यावर तिथल्या फलकाशी ती पुन्हा ताडून पाहा.

वाट जाऊन-येऊन २२ किलोमीटर, लागणारा वेळ सुमारे १० तास. त्यातले जाताना ८ किलोमीटरहून थोडे जास्त जुन्या लाकूडतोडीच्या रेल्वेच्या रुळांमधून, आणि उरलेले अडीच किलोमीटर डोंगरवाटेने. सुरुवात सुमारे ६०० मीटर उंचीवर, झाड सुमारे १,३०० वर. आकडे पाहून रुळांचा भाग सोपा वाटतो आणि तिथेच लोक फसतात. चढ जवळपास जाणवत नाही हे खरं. पण सुरुवातीच्या टप्प्यात पाय रुळांखालच्या आडव्या स्लीपरवर ठेवावा लागतो, आणि स्लीपरांमधलं अंतर कुणाच्याच पावलाला जुळत नाही. पुढे रुळांच्या मधोमध फळ्या टाकलेल्या आहेत, तिथे वेग मिळतो. या फळ्या ओल्या असल्या की घसरतात आणि त्या बहुतेक वेळा ओल्याच असतात. पाऊल टाचेवर न टाकता सपाट टाकायचं. नदीवरून जाणाऱ्या पुलांवर कठड्याचा आधार गृहीत धरू नये. पुलावर फोटोसाठी थांबणाऱ्यामुळे मागे रांग लागते, तेव्हा फोटो पलीकडे जाऊन. मार्ग अजून वापरात आहे, देखभालीची छोटी गाडी अधूनमधून येते. आवाज आला की रुळांबाहेर, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं.

रुळांचा पहिला तासभर संपता संपता कोसुगिदानी येतं. तिथे आता फक्त जोती, पायऱ्या आणि शाळेचं मैदान आहे. १९२३ मध्ये रेल्वे सुरू झाल्यावर लाकूडतोड्यांचं इथे मोठं गाव वसलं, शाळा आली, ऐन भरात पाचशेवर माणसं राहत होती. १९७० मध्ये गाव बंद झालं. ‘आदिम अरण्य’ म्हणून जे बघायला आपण निघतो ते खरं तर शतकानुशतकं तोडलेलं रान आहे, आणि हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट दिसत नाही. एदोच्या काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) बेटाचे लोक इथे सत्ता असलेल्या सात्सुमा संस्थानाचा कर सुगीच्या कौलफळ्यांनी भरत. सतराव्या शतकात तोमारी जोचिकू या विद्वानाने गावकऱ्यांना डोंगरातली पवित्र मानलेली झाडं तोडायला राजी केलं असं सांगतात. लाकूडतोडे बुंध्याचा फुगलेला भाग सोडून, वर मचाण बांधून घाव घालत. म्हणून वाटेवरचे जुने बुडखे माणसाच्या डोक्याहून उंच आहेत. त्यांच्यावर शेवाळ चढलंय, शेवाळात बी रुजून नवी सुगी उभी राहिली आहे. वाटेवरची सान्दाइ-सुगी, म्हणजे तीन पिढ्यांची सुगी, हाच प्रकार: पडलेल्या झाडावर दुसरं, ते तोडल्यावर त्याच्या बुडख्यावर तिसरं.

सरळ खोड होतं त्याच्या फळ्या झाल्या. वेडंवाकडं, गाठींनी भरलेलं, फळ्या निघणार नाहीत असं जे होतं ते उभं राहिलं. जोमोन सुगी आज आहे ती म्हणूनच.

ओकाबूला पोचलात की तिथलं शौचालय वापराच, गरज वाटत नसली तरी. पुढे झाडापर्यंत आणि परत इथवर असे चार-पाच तास, आणि मध्ये नेहमीचं शौचालय नाही. आहेत त्या खोल्या पोर्टेबल टॉयलेट वापरण्याच्या: आत बैठक असते, पिशवी तुमची, पावडर तुमची, आणि वापरलेलं पाठीवरून खाली तुम्हीच आणायचं. पिशव्यांचा संच बेटावरच्या दुकानांत आणि साहित्य भाड्याने देणाऱ्यांकडे मिळतो, टाकण्यासाठी खाली पेटी असते. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण दुसरा पर्याय याहून वाईट होता. डोंगरातल्या शौचालयांचा मैला कामगार पाठीवरून वाहून खाली आणतात, तिथे गाडी जात नाही. पूर्वी तो रानात पुरला जाई आणि त्याचा त्रास ओढ्यांच्या पाण्याला होता. २०१७ पासून घेतली जाणारी सहकार्य रक्कम मुख्यतः या वाहतुकीवर आणि शौचालयांच्या देखभालीवर खर्च होते. गर्दीच्या दिवशी ओकाबूची रांग वीस मिनिटं खाते. हा वेळ १० वाजताच्या हिशेबात आधीच धरून चाला.

ओकाबूपासून चढ एकदम अंगावर येतो. लाकडी जिने, मुळं, दगड, पुन्हा जिने. जिन्यांच्या पायऱ्या उंच आहेत, चढताना दम जातो आणि उतरताना गुडघे बोलू लागतात. काठ्या घ्यायच्या तर टोकांना रबरी टोपणं लावूनच, कारण उघडं लोखंडी टोक मुळांची साल सोलतं. अर्ध्या तासाच्या आसपास विल्सनचा बुडखा येतो, ज्याच्या आत माणसं उभी राहतात. अमेरिकेतून आलेल्या अर्नेस्ट विल्सन या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९१४ च्या भेटीत तो जगासमोर आणला, म्हणून त्याचं नाव. घेर १३.८ मीटर. सोळाव्या शतकाच्या शेवटी तेव्हाचा जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या हुकमाने तोडला अशी आख्यायिका आहे. आत छोटं देवस्थान आहे आणि पाण्याचा झरा वाहतो. वर पाहिलं की एका ठराविक कोपऱ्यातून आकाशाचा तुकडा बदामाच्या आकाराचा दिसतो, आणि त्या एका कोपऱ्यासाठी रांग लागते. जाताना रांग असेल तर सरळ पुढे व्हा, परतताना बुडखा तिथेच असतो आणि माणसं कमी असतात.

वरच्या टप्प्यात दाइओ-सुगी लागते. १९६६ मध्ये जोमोन सुगी सापडेपर्यंत बेटावरची सर्वांत मोठी सुगी म्हणून हिचा मान होता. हा भाग रान म्हणून सगळ्यांत देखणा. लोक मात्र घड्याळ बघत धापा टाकत निघून जातात.

जोमोन सुगी: उंची २५.३ मीटर, घेर १६.४ मीटर. उंचीत ती काही विशेष नाही, तिचा सगळा दरारा खोडात आहे. गाठी, खाचा, वितळून पुन्हा थिजल्यासारखी साल, आणि फांद्यांवर वाढणारी दुसऱ्याच जातींची झाडं. वयाबद्दल मात्र फलकांवर किंवा गप्पांमध्ये ७,२०० वर्षं ऐकलं तर डोळे झाकून मानू नका. खोड आतून पोकळ आहे, मधली कडी उरलेलीच नाहीत. आतल्या लाकडाच्या तपासणीतून निघालेला आकडा २,१७० वर्षांचा. ७,२०० हा घेरावरून बांधलेला अंदाज. शिवाय सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी जवळच्या किकाई ज्वालामुखीच्या महास्फोटाने हे बेट होरपळलं होतं, त्यामुळे मोठ्या आकड्याकडे संशयानेच बघावं लागतं.

झाडाला हात लावता येत नाही, बुंध्याजवळही जाता येत नाही. लाकडी सज्जातून, अंतर राखून बघायचं. अनेकांची निराशा इथेच होते: पाच तास चालून एवढ्या लांबून? पण कारण पायाखाली आहे. झाड प्रसिद्ध झाल्यावर माणसांच्या पायांनी मुळांवरची माती निघून गेली, मुळं उघडी पडली, म्हणून १९९६ मध्ये सज्जा बांधला. तरीही २००५ मध्ये कुणीतरी सालीचा तुकडा कापून नेला. सज्जा जिथून दाखवतो तिथून खोडाची एकच बाजू नीट दिसते आणि पुढच्या झाडीमुळे संपूर्ण झाड एका चौकटीत बसवणं कठीण जातं, हा दोष मान्य. दुपारचा डबा सज्जावर उघडू नये, जागा अडते. जवळून बघण्याची हौस संग्रहालयात भागते. डिसेंबर २००५ मध्ये बर्फाच्या भाराने मोडलेली या झाडाची एक फांदी तिथे ठेवली आहे. नुसती फांदी, वजन टनाच्या वर. डोंगरात जाण्याच्या आदल्या दुपारी ती बघून ठेवली तर सज्जावरून दिसणाऱ्या झाडाचं माप डोळ्यांना कळतं.

मुक्काम करणारे इथून दहा-पंधरा मिनिटांवरच्या ताकात्सुका झोपडीत राहतात. २०१३ मध्ये ती शिगेरू बान या वास्तुकाराच्या आराखड्यावर कागदी नळ्या वापरून नव्याने बांधली. जागा आरक्षित होत नाही, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाक सगळं स्वतःचं. मे महिन्यात संध्याकाळी पोचणाऱ्याला जागा मिळेल या भरवशावर तंबूशिवाय जाऊ नये. फायदा एकच, पण मोठा: पहाटे सज्जावर तुम्ही आणि झाड, बाकी कुणी नाही.

पावसाबद्दल बेटावर म्हण आहे, महिन्यात ३५ दिवस पाऊस. किनाऱ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे, डोंगरात ८,००० ते १०,०००. तेव्हा ‘पाऊस नसेल तर’ हा विचारच सोडून द्यायचा. अंगभर घालायचा प्लास्टिकचा झगा चालत नाही, वारा त्याला उचलतो आणि जिन्यावर तो पायात येतो. सदरा-विजार असा दोन तुकड्यांचा, आतला घाम बाहेर सोडणारा रेनसूट हवा. छत्री रुळांच्या भागात उपयोगाची, चढावर निरुपयोगी. पाठपिशवीला वरून आवरण घातलं तरी पाठीच्या बाजूने पाणी शिरतंच, म्हणून आतले कपडे वेगळ्या बंद पिशवीत. सुती बनियन आणि जीन्स नको, भिजली की जड होते आणि थांबल्यावर थंडी भरते. डोक्याला लावायचा दिवा हवाच, कारण पहिल्या बसने गेलं तर सुरुवातीचा तुकडा अंधारात असतो. हे सगळं, बुटांसकट, आन्बो आणि मियानोउरात भाड्याने मिळतं. बूट आदल्या दिवशी घ्या आणि गावात तासभर घालून फिरा. भाड्याच्या बुटाने टाच सोलली तर ते चौथ्या किलोमीटरला कळतं आणि मग अठरा उरलेले असतात.

पाणी मात्र ओझ्यासारखं वाहू नका. वाटेवर पिण्याजोग्या ओढ्यांची कमी नाही, पाऊण लिटरची एक बाटली पुरते. खाण्याचं उलट: वाटेवर काहीच मिळत नाही. बेटावरची बेन्तोची (जेवणाच्या तयार डब्यांची) दुकानं डोंगरवाल्यांसाठी पहाटे ४-५ ला डबे देतात. आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत नोंदवायचे, बहुतेक मुक्कामाची ठिकाणं ही नोंद करून देतात. नाश्ता आणि जेवण असे दोन डबे सांगा. डब्यात मासे, अंडं, कोंबडी यांतलं काहीतरी असतंच. शाकाहारी माणसाने आदल्या दिवशी दुकानातून उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) भरलेले भाताचे गोळे, केळी, सुकामेवा घेऊन ठेवणं बरं.

बेटावर पोचण्यातही फट ठेवा. कागोशिमाहून जलद नौका दोन ते तीन तासांत येते, मोठी फेरी सुमारे चार तास घेते. समुद्र खवळला की आधी जलद नौका रद्द होते, फेरी बराच काळ टिकून राहते. जोराच्या पावसात डोंगरी बसही बंद होते. म्हणून चालण्याच्या दिवसापुढे किमान एक मोकळा दिवस. मेचा पहिला आठवडा आणि ऑगस्टच्या मध्यातली ओबोनची (पूर्वजांच्या सणाची) सुट्टी टाळा, तेव्हा जिन्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांसाठी ताटकळतात. मेच्या अखेरीला डोंगरात शाकुनागे (ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो, पण त्याच्या मागोमाग जूनचा पाऊस येतो.

वाटाड्या घ्यावा का? वाट चुकण्याची भीती फारशी नाही. वेळेचा हिशेब आणि इतिहास, यासाठी मात्र घ्यावा. बेटावर अधिकृत मान्यता दिलेले वाटाडे आहेत, नोंद करताना ती मान्यता विचारा. आणि गट किती जणांचा हेही विचारा, कारण मोठ्या गटात सगळ्यांत हळू चालणाऱ्याचा वेग तोच तुमचा वेग.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात किंवा ज्यांच्या हाती एकच दिवस आहे त्यांनी हट्ट करू नये. शिरातानी उन्सुइक्यो ही दरी मियानोउराहून बसने गाठता येते, सहकार्य रक्कम ५०० येन, एका तासापासून चार तासांपर्यंतचे फेरे. शेवाळ आणि पाणी बघायचं असेल तर ती अराकावाच्या वाटेहून सरस आहे, यात मला शंका नाही. तिथल्या दगडी फरसबंदीचा कुसुकावा मार्ग एदोच्या काळात कौलफळ्या वाहणाऱ्यांचा. चालणंच शक्य नसेल तर याकुसुगीलँड या वनउद्यानाच्या वरच्या अंगाला, सुमारे १,२३० मीटरवर, किगेन-सुगी रस्त्याच्या कडेलाच उभी आहे. वय तीन हजार वर्षं सांगतात. बस तिथवर जाते, पण फेऱ्या मोजक्याच, उतरतानाच परतीची वेळ चालकाला विचारून घ्या.